जिम्नॅस्टिक्सच्या सरावात नाच आणि बॅले: पालक आणि प्रशिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

आमच्या हॉलमध्ये मुली बीमवर, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद, उंच पट्टीवर चढण्याआधी भिंतीच्या दांडीला धरून वीस मिनिटं पायांचा सराव करतात. गुडघे वाकवणं, चवड्यावर उठणं, पाय पुढे-बाजूला-मागे सरकवणं. नवे पालक ते पाहतात आणि सुटी झाल्यावर दारापाशी थांबून विचारतात, "मॅडम, हे नाचाचं काय चाललंय?" इतकी वर्षं तुकड्या-तुकड्यांनी दिलेली उत्तरं इथे सलग लिहिते आहे.

मुलीला कोलांट्या शिकायच्या आहेत. त्यात नाच कशासाठी?

महिलांच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये चार साधनं असतात. त्यांतल्या बीम आणि फ्लोअर (जमिनीवरच्या गालिच्यावरचं सादरीकरण) या दोन साधनांवर नाच हा नियमाचाच भाग आहे. आंतरराष्ट्रीय गुणपद्धतीनुसार फ्लोअरवर एक डान्स पॅसेज लागतो: किमान दोन वेगवेगळ्या झेपा एकमेकींना जोडून, आणि त्यांतल्या एकीत पाय १८० अंशांत उघडलेले. तो नसेल तर अर्धा गुण गेला. बीमवरही नृत्यघटकांची अशी जोडी मागतात. झेप, उडी आणि गिरकी यांना कोलांटीसारखंच काठिण्यमूल्य असतं, म्हणजे या गोष्टी रुटीनमध्ये, म्हणजे सलग सादर करायच्या रचनेत, जागा भरायला घातलेल्या नसतात.

पण मला याहून महत्त्वाचं कारण वेगळं वाटतं. फ्लोअरचं रुटीन जास्तीत जास्त ९० सेकंदांचं. त्यात टम्बलिंगच्या (धावत येऊन सलग मारलेल्या कोलांट्यांच्या) चार रांगा धरल्या आणि प्रत्येक रांगेला पाच-सहा सेकंद दिले, तरी एक मिनिटाहून जास्त वेळ उरतो. त्या मिनिटात मुलगी काय करते? आपल्याकडच्या बहुतेक मुली त्या वेळात कोपऱ्यापर्यंत चालत जातात, हात कुठेतरी वर करतात, दम घेतात आणि पुढच्या रांगेची वाट पाहतात. पंच मात्र तेव्हाही पाहत असतात. त्या मिनिटाचं शिक्षण कोणी दिलेलंच नसतं.

गुण नेमके कुठे जातात?

बारीक-बारीक ठिकाणी जातात. सादरीकरणाचा गुण १० पासून सुरू होतो आणि चुकीप्रमाणे ०.१०, ०.३०, ०.५० असा कापला जातो. पडलं तर पूर्ण १.०० जातो. झेपेत पाय १८० अंशांपेक्षा २० अंशांपर्यंत कमी उघडले तर ०.१०, त्याहून कमी म्हणजे ४५ अंशांपर्यंत तूट असेल तर ०.३०, आणि त्यापलीकडे तो घटक त्या नावाने धरलाच जात नाही. पाऊल ढिलं राहिलं, गुडघा किंचित वाकला, बीमवर सगळं रुटीन टाच टेकवून चाललं, तालाशी संबंधच राहिला नाही, तर दर वेळी थोडं-थोडं कापलं जातं.

०.१० म्हणजे किती, हे समजायचं असेल तर रिओ ऑलिम्पिक आठवा. २०१६ मध्ये दीपा कर्माकर व्हॉल्टच्या (धावत येऊन साधनावरून घ्यायच्या उडीच्या) अंतिम फेरीत १५.०६६ गुणांसह चौथी आली. कांस्यपदक १५.२१६ ला गेलं. फरक ०.१५०. व्हॉल्टमध्ये नाच नसतो, हे खरं. पण एका दशांशाची किंमत काय असते हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळलं, आणि बीमवर तर असे दशांश प्रत्येक पावलाला सांडत असतात.

एकदा आमच्या गटातल्या अकरा वर्षांच्या एका मुलीचं बीमचं रुटीन मी डोळे मिटून ऐकलं. बीम १० सेंटिमीटर रुंद, ५ मीटर लांब, जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच. धप्, धप्, धप्. प्रत्येक पाऊल टाचेवर पडत होतं. कोलांटी छान होती, पण पुढच्या गिरकीत ती घसरून खाली आली. गिरकी चवड्यावर घ्यायची असते आणि ती मुलगी त्या रुटीनमध्ये तोवर एकदाही चवड्यावर गेलेली नव्हती. मग अचानक तिचा घोटा कसा स्थिर राहील? पुढचे चार महिने तिने रोज दांडीला धरून चवड्यावर उठण्याचा सराव केला, आधी दोन पायांवर, मग एका पायावर. आता तिचं रुटीन डोळे मिटून ऐकलं तर फक्त उड्यांचे आवाज येतात.

बॅलेच का? आपल्याकडे भरतनाट्यम आणि कथक आहेत की!

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, आणि याचं उत्तर हो-नाहीत देता येत नाही.

बॅले इथे आला तो खेळाच्या इतिहासातून. या खेळावर दीर्घकाळ सोव्हिएत संघाचा पगडा होता, आणि तिथे बॅले रोजच्या जगण्यात होता. ऑलिम्पिकची १८ पदकं मिळवणारी लारिसा लॅटिनिना लहानपणी बॅलेच शिकत होती, जिम्नॅस्टिक्सकडे ती नंतर वळली. १९५६, १९६० आणि १९६४ अशा तिन्ही ऑलिम्पिकमध्ये फ्लोअरचं सुवर्ण तिच्याकडे गेलं. पंचांची नजर अशा शरीरांवर घडली, आणि आजही गुणपद्धतीत जे 'सुंदर' मानलं जातं त्याचा नमुना बराचसा बॅलेचाच आहे: ताणलेलं पाऊल, लांब मान, खांद्यापासून बोटांपर्यंत सलग रेघ.

आपले नाच काय देतात? भरतनाट्यममध्ये अरमंडीत बसताना गुडघे बाहेर उघडतात आणि ते वळण खुब्यातून यावं लागतं. बॅलेतल्या प्लिएलाही, म्हणजे गुडघे वाकवण्यालाही, तेच हवं. त्यामुळे अरमंडी नीट शिकलेल्या मुलीला प्लिए समजवायला मला दहा मिनिटं पुरतात. कथकमध्ये चक्कर घेताना नजर एका जागी रोखून मान शेवटी झटक्यात फिरवायची सवय लागते, आणि गिरकीत तोल राखायला तीच सवय उपयोगी पडते. तालाचं शिक्षण तर आपल्याकडे अव्वल. तत्कार (कथकमधलं तालावरचं पायकाम) केलेली मुलगी संगीतावर पाऊल चुकवत नाही. अभिनयाचं बोलायलाच नको.

अडचण पावलांत आहे. भरतनाट्यममध्ये तळवा सपाट आपटायचा असतो, कथकचं चक्कर टाचेच्या आधाराने फिरतं. जिम्नॅस्टिक्समध्ये गिरकी चवड्यावर असते आणि हवेत पाऊल कायम ताणलेलं. म्हणजे धड आपल्या नाचातून आणि पावलं बॅलेतून, असं जमवावं लागतं. मुलगी आधीच भरतनाट्यम शिकत असेल तर ते बंद करू नका. फक्त कठीण फरशीवर पाय आपटण्याचा तास आणि उड्यांचा सराव एकाच दिवशी येऊ देऊ नका, नडग्या दुखतात.

मल्लखांबातून आलेल्या मुलांचा इथे वेगळा फायदा होतो. पाऊल ताणून धरणं आणि आसनात क्षणभर स्थिर राहणं त्यांच्या अंगात मुरलेलं असतं. कमी पडते ती दोन स्थितींमधली वाहती हालचाल. तेवढी नाचाने येते.

कोणत्या वयापासून सुरू करावं?

पाच-सहा वर्षांच्या मुलांना बॅलेच्या नावाने काही शिकवू नका. गाण्यावर चालणं, थांबणं, मांजरीसारखं उतरणं, चवड्यांवर पळणं, एवढं पुष्कळ झालं. दांडीला धरून शिस्तीचा सराव सात-आठ वर्षांपासून. बारा-तेराव्या वर्षी सुरू केलं तर उशीर झाला का? नाही. मोठ्या मुलींना कारण सांगितलं की त्या लहानांपेक्षा लवकर उचलतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. मात्र वयात येताना उंची झपाट्याने वाढते, हाडं पुढे जातात आणि स्नायू मागे राहतात. त्या काळात लवचीकता कमी झाल्यासारखी वाटते, तोल बिघडतो. मुलगी आळशी झाली असं समजून तिला रागावू नका. ते काही महिने ताण कमी ठेवून जाऊ द्यावे लागतात.

आठवड्यातून किती वेळ, आणि सरावाच्या आधी की नंतर?

आधी. याबद्दल मी आग्रही आहे, कारण उलटं करून पाहण्याची चूक माझ्याच हातून झाली.

सुरुवातीच्या काळात नाचाचा तास मी शेवटी ठेवला होता. अडीच तास साधनांवर काम, मग दमलेल्या मुलींना बाहेरच्या शहाबादी फरशीवर नेऊन झेपा. दोन महिन्यांत तिघींच्या नडग्या दुखू लागल्या. एकीला तर जिना उतरता येईना. दमलेला पाय जमिनीवर आवाज करत पडतो, घोटा धक्का झेलत नाही, आणि तो सगळा धक्का हाडात जातो. त्यात फरशी दगडाची. त्या तिघींना विश्रांती द्यावी लागली आणि त्यांच्या आयांना काय झालं ते मी प्रामाणिकपणे सांगितलं. तेव्हापासून वेळापत्रक असं आहे: साधनांच्या दिवशी सुरुवातीला वीस मिनिटं दांडीचा सराव, तोच वॉर्म-अपचा भाग. आठवड्यातून दोन दिवस पाऊण तासाचा स्वतंत्र नाच, तोही ताज्या अंगाने. त्या दोन दिवशी टम्बलिंग कमी.

आठवड्याला एकूण तीन-चार तासच सराव असणाऱ्या लहान गटाला स्वतंत्र तास लागत नाही. रोजची पंधरा मिनिटं सातत्याने केली तर पुरतात.

या तासात नेमकं काय करून घेतात?

दांडीशी प्लिए म्हणजे गुडघे वाकवणं. उडीतून उतरताना धक्का झेलण्याची ही पूर्वतयारी आहे, म्हणून ती मी कधीच गाळत नाही. मग तांद्यू: पाऊल जमिनीवरून सरकवत पूर्ण ताणायचं, आधी टाच सुटते, मग चवडा, शेवटी बोटं. मग रलव्हे, चवड्यावर उठणं. त्यात घोटा बाहेरच्या बाजूला कलंडू द्यायचा नाही. मग पासे, एक पाय गुडघ्याशी दुमडून दुसऱ्यावर तोल, कारण गिरकीचा आकार तोच. शेवटी ग्रां बात्मां, सरळ पायाची उंच लाथ, पण कंबर न हलवता.

दांडी सोडली की हातांचं काम. हात खांद्याच्या फऱ्यापासून हलला पाहिजे, कोपरापासून नाही. लहान मुलींना मी सांगते, "डोक्यावर पाण्याचा हंडा आहे, आणि विहिरीपासून घरापर्यंत थेंबही सांडायचा नाही." गावाकडे आजीला पाहिलेल्या मुली लगेच मान उंच करतात, खांदे आपोआप खाली जातात. शहरातल्या मुलींच्या डोक्यावर मी वाळूची छोटी पिशवी ठेवते. ती घेऊन त्या जमिनीवर आखलेल्या १० सेंटिमीटरच्या पट्टीवरून चवड्यांवर चालतात, मग बुटक्या बीमवर, आणि पिशवी पडायची थांबली की उंच बीमवर.

मग झेपा. शासे म्हणजे सरकती पावलं घेऊन झेप घ्यायची, दुसऱ्या मुलीने मोबाइलवर संथ गतीत चित्रीकरण करायचं, आणि पाय सर्वांत जास्त उघडलेल्या क्षणी चित्र थांबवून दोघींनी पाहायचं. मागचा पाय खाली राहतो हे मी शंभरदा सांगून पटत नाही, त्या एका चित्राने पटतं.

बॅलेचे शिक्षक बोलावले आहेत. त्यांना आधी काय सांगावं?

प्रशिक्षकांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा. चांगल्या बॅले शिक्षकाला जिम्नॅस्टिक्सच्या गरजा माहीत असतीलच असं नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

पहिली गोष्ट उतरण्याची. बॅलेत पावलं बाहेर वळवून उतरतात. टम्बलिंगमधून उतरताना पावलं समांतर हवीत, खुब्याइतकी अंतरावर, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत. पावलं बाहेर वळलेली असताना वेगाने उतरलं तर गुडघा आत कोसळतो आणि लिगामेंटला मार बसतो. म्हणून आमच्याकडे प्लिए दोन्ही प्रकारे होतो: आधी वळवलेल्या पावलांनी, मग समांतर. मुलीला दोन्ही ओळखता आले पाहिजेत आणि कुठे कुठलं वापरायचं हे न विचार करता जमलं पाहिजे.

दुसरी, वळण कुठून येतं याची. पाऊल बाहेर वळवायचं ते खुब्यातून. खुब्यात जेवढं वळण नैसर्गिक आहे तेवढंच वळवायचं. मुली मोठ्या हुशारीने पाऊल जमिनीवर घट्ट रोवतात आणि उरलेलं गुडघ्यातून पिळतात. ओळखायची खूण सोपी आहे: गुडघे वाकवल्यावर गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटावर आला नाही आणि तळव्याची कमान आत बसली, तर वळण खोटं आहे. लगेच कमी करायला लावा.

तिसरी पाठीची. आराबेस्कमध्ये, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसरा मागे उचलताना, पाय उंच दिसावा म्हणून मुली कमरेच्या खालच्या मणक्यात मोडतात. जिम्नॅस्टिक्समध्ये त्या जागेवर आधीच पुलाचा (मागे वाकून हात टेकण्याचा), मागच्या कोलांटीचा भार असतो. पोट आत आणि छाती वर ठेवूनच पाय उचला, पाय कमी वर गेला तरी चालेल.

आणि कोणीही मुलीच्या खांद्यावर किंवा मांडीवर बसून स्प्लिट खाली दाबणार नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

रिदमिक जिम्नॅस्टिक्सला हेच लागू आहे का?

तिथे हे दुपटीने लागू आहे. १९८४ पासून ऑलिम्पिकमध्ये असलेला हा प्रकार बॅलेवरच उभा आहे. १३ मीटर लांब-रुंद गालिच्यावर ७५ ते ९० सेकंदांचं वैयक्तिक रुटीन, त्यात झेप, तोल आणि गिरकी हेच शरीराचे मुख्य घटक, आणि किमान ८ सेकंद चालणाऱ्या नृत्यपावलांची वेगळी मागणी. हातात हूप, चेंडू, क्लब्ज किंवा ६ मीटरची रिबन असते, म्हणजे पायांकडे पाहायला मुलीला फुरसतच नसते. पाय आपले-आपण बरोबर पडले पाहिजेत. त्यामुळे रिदमिकच्या मुलींना दांडीचा सराव रोज हवा.

मुलांनाही लागतो का?

मुलांच्या फ्लोअरला संगीत नसतं आणि डान्स पॅसेजची अटही नाही. पण ढिल्या पावलाचे आणि वाकलेल्या गुडघ्याचे गुण त्यांचेही कापतात. प्लिए, रलव्हे, समांतर उतरणं आणि उभं राहण्याची ढब एवढं मी मुलांकडूनही करून घेते. "मुलगा नाचणार का?" असं विचारणाऱ्या वडिलांना मी एकदा सरावाला बसायला सांगते. एका पायाच्या चवड्यावर वीस वेळा सावकाश उठणं किती अवघड आहे ते पाहिलं की पुन्हा विचारत नाहीत.

पॉइंट शूज (बोटांच्या टोकावर उभं राहायचे बॅलेचे बूट) घ्यावे लागतील का?

नाही. जिम्नॅस्टिक्ससाठी त्यांचा उपयोग नाही आणि वाढत्या पावलांना धोका आहे. अनवाणी किंवा साधे कापडी बॅले शूज चालतात. रिदमिकसाठी चवड्यापुरते हाफ शूज.

जागा आणि जमीन कशी हवी?

शहाबादी, टाइल्स, सिमेंटचा कोबा यांवर उड्या नकोत. दांडीचा सराव त्यांवर पातळ मॅट टाकून होऊ शकतो. झेपांसाठी फ्लोअरचा गालिचा किंवा लाकडी जमीन. दांडी नसेल तर भिंतीची शिडी, खिडकीचा मजबूत गज किंवा बुटका बीम धरा. उंची कमरेच्या जराशी वर. आरसा असेल तर उत्तम, पण आठवड्यातले काही दिवस मुलींना आरशाकडे पाठ करून उभं करा, कारण स्पर्धेत आरसा नसतो.

आमच्या तालुक्यात बॅले शिकवणारं कोणी नाही. मग?

अनेकांची हीच स्थिती आहे. माझा सल्ला असा: जवळच्या भरतनाट्यम किंवा कथकच्या ताईंना भेटा, ताल, हात, नजर आणि चेहरा त्यांच्याकडे सोपवा. पावलांचे पाच मूळ व्यायाम, जे वर सांगितले, ते प्रशिक्षकाने स्वतः एखाद्या शिबिरात शिकून घ्यावेत. आधी स्वतःच्या पायांनी करून पाहावेत, मग शिकवावेत. पाचच व्यायाम, पण अचूक. व्हिडिओ पाहून मुलींना एकट्याने करू देऊ नका, चुकीचं वळण पडद्यावर कोणी पकडत नाही.

मुलगी फार लाजते. फ्लोअरवर चेहरा दगडासारखा असतो.

तिला हसायला सांगू नका. ओढूनताणून आणलेलं हसू पंचांना लगेच कळतं. संगीत तिला निवडू द्या. महिलांच्या फ्लोअरवर शब्द असलेलं गाणं लावलं तर १.०० गुण कापला जातो, त्यामुळे वाद्यसंगीत शोधा. तिला आवडणाऱ्या गाण्याची बासरी किंवा व्हायोलिनवरची धून असली तरी ती खुलते. रिदमिकमध्ये शब्द चालतात. आणि चेहऱ्याआधी नजर शिकवा: हात जिथे जातो तिथे डोळे जाऊ देत. एवढ्यानेच अर्धा चेहरा जिवंत होतो.

नाचाच्या ताईंनी मुलीला वजन कमी करायला सांगितलं.

ते ऐकू नका, आणि तसं त्यांना नम्रपणे पण स्पष्ट सांगा. वाढत्या वयात पोटभर जेवण लागतं. पोळी-भाजी, वरण-भात, दूध, अंडी, शेंगदाणे, जे घरात आहे ते. कमी खाऊन सराव केला की हाडं कमकुवत होतात, पाळी लांबते किंवा थांबते, आणि ताणाने हाडाला तडे जातात. आमच्या हॉलमध्ये वजनकाटा नाही. मुलीच्या शरीराबद्दल शेरा मारणाऱ्या कोणालाही, मग त्या कितीही मोठ्या कलाकार असोत, मी शिकवायला बोलावत नाही.

दुखतंय. थांबवायचं की चालू ठेवायचं?

मांड्या आणि पोटऱ्या भरून येणं पहिले दहा-पंधरा दिवस साहजिक आहे. टाचेच्या मागे, गुडघ्याखालच्या उंचवट्यावर किंवा नडगीच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर उड्या थांबवा. मागे वाकल्यावर कमरेत एका बाजूला दुखत असेल आणि आठवड्याभरात उतरलं नाही, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तोवर पूल, मागची कोलांटी, आराबेस्क तिन्ही बंद. मलम लावून सराव चालू ठेवू नका.

फरक किती दिवसांत दिसतो?

उभं राहण्याची ढब दीड-दोन महिन्यांत बदलते. ती आधी घरच्यांना दिसते, जेवायला बसताना मुलीची पाठ ताठ असते. पावलं ताणलेली राहायला चार-सहा महिने. झेपेचा आकार आणि गिरकी स्थिर व्हायला एक हंगाम धरा. गुणपत्रिकेत फरक शोधायचा असेल तर एकूण गुणांकडे न पाहता बीम आणि फ्लोअरच्या सादरीकरणाच्या गुणांची गेल्या वर्षीच्या त्याच स्पर्धेशी तुलना करा. खालच्या वयोगटांचे नियम आंतरराष्ट्रीय नियमांपेक्षा वेगळे असू शकतात, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक प्रशिक्षकांकडून मागून घ्या आणि त्यात नृत्यघटकांबद्दल काय लिहिलंय ते मुलीसोबत बसून वाचा.